माझ्या नावाचं मीटर

२ जानेवारी

तपासणीची वही खात्यात जमा केल्यापासून हात शिवशिवतोय, म्हणून ही डायरी. वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू, पेट्रोल पंपांची मापं, कापडवाल्यांच्या पट्ट्या तपासायच्या आणि शिक्का मारायचा, नाहीतर जप्त करायचं, एवढंच आयुष्यभर केलं. बाजारात मला काटेसाहेब म्हणायचे. तोंडावर काटेसाहेब, पाठ वळली की नुसतं काट्या. दोन्ही नावांबद्दल माझी तक्रार नव्हती.

आज विजेचं बिल आलं आणि डोळे पांढरे झाले. घरात माणसं दोन. मुलगी लग्न होऊन लांब गेली. दोन माणसांना एवढी वीज कशाला लागते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. पेन्शनचा हा एवढा मोठा लचका दर महिन्याला तोडला जाणार असेल, तर आम्ही खायचं काय?

हिला म्हटलं, आता मी घरी आहे. घराची तपासणी करतो. बिल अर्ध्यावर आणून दाखवतो.

"आणि नाही आलं तर?" हिने विचारलं.

"न यायला काय झालं?"

"उन्हाळ्याच्या आत नाही आलं, तर वर जाऊन भाऊजींशी बोलायचं. तुम्ही. स्वतःच्या पायांनी."

वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहतो. आमच्यात बोलणं नाही. त्याचं गाड्यांना रंग मारायचं गॅरेज होतं, यायला उशीर व्हायचा आणि जिन्यातला दिवा पहाटेपर्यंत तसाच जळायचा. जिन्याच्या दिव्याची वायर माझ्या घरातून गेली आहे. बोललो तर म्हणतो, "दादा, दिव्याचे पैसे घे माझ्याकडून, आणि हो, पावती दे." पैसे घेतले आणि पावती दिली. त्याने ती पावती फाडून जिन्यावरून खाली टाकली. मी दिवा काढून कपाटात ठेवला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वरच्यांचा विषय या घरात काढायचा नाही, असं मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं आणि हिने ते आजवर पाळलं होतं. आज मोडलं.

तरी पैज घेतली. हरायचा प्रश्नच येत नाही.

५ जानेवारी

तपासणी सुरू. टीव्ही बंद केला तरी त्याचा लाल ठिपका जळत राहतो. चार्जर भिंतीला लोंबकळत असतात. गीझर सकाळी लावला की ही विसरते. फ्रिजमध्ये अर्धा कप दूध आणि एक लिंबू गार करायला आपण चोवीस तास वीज जाळतो. सगळे जुने बल्ब काढून कमी वॉटचे लावले. स्वयंपाकघरात आता जरा अंधुक दिसतं.

ही म्हणाली, "मीठ की साखर ते चाखून बघावं लागतंय."

म्हटलं, डब्यांवर चिठ्ठ्या लाव. म्हणाली, चिठ्ठ्या वाचायला उजेड लागतो. हिला वाद घालायची हौस आहे.

१२ जानेवारी

आता गॅस. भांड्यावर झाकण नसेल तर गॅस वाया जातो, हे लहान पोराला कळतं. कडधान्यं रात्री भिजत घालायची, कुकरच्या शिट्ट्या मोजून घ्यायच्या, चहा दोनदा नाही, एकदाच करून थर्मासमध्ये भरायचा. स्कूटर बंद. बाजार चालत. पहिल्या दिवशी पाय भरून आले, पण पेट्रोल वाचलं.

ही ऐकते, पण हल्ली स्वयंपाक जरा जास्तच होतो. दोन माणसांच्या मानाने पातेलं मोठं असतं आणि दुपारी बघावं तर रिकामं. विचारलं तर म्हणते, मांजरीला घालते. मांजर कुठे दिसत नाही.

१७ जानेवारी

वरून खोकल्याचा आवाज येतो. आयुष्यभर रंगाच्या फवाऱ्यात उभा राहिला, तोंडावर फडकं बांध म्हणून सांगून माझं तोंड दुखलं, तेव्हा हसण्यावारी न्यायचा. आता खोकतोय. नोंद एवढ्यासाठी केली, की दुपारची झोप मोडली.

२८ जानेवारी

आज दोन हमाल वर काहीतरी जड यंत्र घेऊन गेले. चाकं असलेलं, पांढरं, कमरेएवढं. जिना अंधारा असल्यामुळे भिंतीला दोनदा आपटलं. संध्याकाळपासून डोक्यावर घरघर सुरू आहे, आणि मधूनमधून फुस्स असा हवा सुटल्याचा आवाज.

कॉम्प्रेसर आहे हा. गॅरेज बंद पडल्याचं कानावर आलं होतं. घरीच रंगकाम सुरू केलेलं दिसतंय. घरगुती जोडणीवर धंदा. मी नोकरीत असतो आणि हे माझ्या खात्यात येत असतं, तर सोडलं नसतं, भाऊ असो की आणखी कुणी.

हिला म्हटलं, "पैसा उतू चाललाय वरच्यांचा." ही भांडी घासत होती. तिने नळ जरा जोरात सोडला.

६ फेब्रुवारी

बिल आलं. कमी नाही, वाढलं आहे.

मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं. महिनाभर अंधारात चाचपडलो, गार पाण्याने अंघोळी केल्या, शिळा चहा प्यालो, आणि बिल वाढलं. हिला दाखवलं तेव्हा वाटलं होतं, आता पैजेची आठवण काढेल. तिने बिलाकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाली, "उन्हाळा यायला अजून वेळ आहे, पण थांबता येईल असं नाही."

कुणाला थांबता येणार नाही, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी त्या वेळी फ्रिजचा प्लग काढत होतो.

१३ फेब्रुवारी

फ्रिज बंद. दूध सकाळचं सकाळी आणि संध्याकाळचं संध्याकाळी आणतो.

आज वर दोन लोखंडी नळकांडी गेली. उंच, बारीक, स्वयंपाकाच्या गॅसची नव्हेत. वेल्डिंगवाले वापरतात तसली. म्हणजे रंगकामाबरोबर पत्रेकामही. या वयात एवढा उद्योग करायची उमेद आहे, हे मान्य करायला हवं. मला निवृत्त होऊन दोन महिने झाले नाहीत तर मी फ्रिजच्या मागे लागलोय, आणि हा बेटा नवा धंदा उभा करतोय. लहानपणीही असाच होता. मी पतंगाचा मांजा मोजत बसायचो, तोवर याचा पतंग वर गेलेला असायचा.

बॅग घेतलेला एक माणूस दर दोन दिवसांनी येतो. गिऱ्हाईक असणार.

२० फेब्रुवारी

ही हल्ली दुपारी घरी नसते. शेजारच्या शिंपीणबाईंकडे शिवण शिकायला जाते म्हणते. चांगलं आहे. तेवढा वेळ पंखा बंद राहतो. फक्त इतक्या दिवसांत एक साधा रुमालही शिवून झालेला दिसत नाही. शिवण येत नसेल तर नसेल, सगळ्यांनाच सगळं कुठे येतं?

संध्याकाळी आली तेव्हा डोळे लाल होते. म्हटलं, बारीक काम करताना चांगला उजेड घ्यावा. ती उठून आतल्या खोलीत गेली. उजेडाचा विषय मी काढायला नको होता, हे नंतर लक्षात आलं.

२ मार्च

आज एक प्रयोग केला. निरीक्षकाला मुळापर्यंत जावं लागतं. वीज हेही शेवटी एक माप आहे, आणि मीटर हा काटाच. गिऱ्हाईक वजन कमी घेत असताना काटा जास्त दाखवत असेल, तर गिऱ्हाइकाला झोडपून काय उपयोग? काटा तपासायला हवा.

घरातला मेन स्विच बंद केला. सगळं घर गप्प झालं. मग बाहेर दाराशी आलो. तिथे फळीवर दोन मीटर आहेत. घर बांधतानाच वडिलांनी दोघांच्या नावांनी अर्ज करून ती बसवून घेतली होती, आणि कुणाची गल्लत व्हायला नको म्हणून खाली स्वतःच्या हाताने नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. पक्का व्यवहारी माणूस. चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या तरी अक्षर वाचता येतं.

माझ्या नावाच्या मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. घरात एक सुई फिरत नाही आणि मीटर धावतंय. याला म्हणतात सापडणं. मी तिथेच हसलो. माझं काही चुकलंच नव्हतं.

शेजारच्या मीटरकडे पाहिलं नाही. दुसऱ्याच्या मापात डोकवायची मला सवय नाही.

आता आठवतंय, मागे आम्ही मुलीकडे महिनाभर राहायला गेलो होतो, तेव्हाही बिल नेहमीएवढंच आलं होतं. तेव्हाच तक्रार करायला हवी होती.

७ मार्च

बिल जवळजवळ दुप्पट.

"हरलात तुम्ही," ही म्हणाली. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "आता चला वर."

म्हटलं, पैज मापावर होती आणि माप खोटं आहे. मीटर सदोष असल्याचं सिद्ध झालं की पैज रद्द होते. खात्यात असा नियमच होता.

"तुमचं मीटर तपासून होईपर्यंत उशीर होईल हो."

"कशाला उशीर?"

"मला शपथ आहे," एवढंच म्हणाली. बायकांच्या शपथा! जावेजावेचं काहीतरी असणार. पूर्वी दोघींचं एका ताटात जेवणं चालायचं. आम्ही बोलणं सोडलं म्हणून त्यांनीही सोडावं, असं मी कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं नव्हतं हे खरं, पण चाललं असतं का, तेही सांगता येत नाही.

९ मार्च

वीज कार्यालयात गेलो. चालत. खिडकीमागे बसलेल्या बाईंना सगळं सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, इथे येणारा प्रत्येक माणूस हेच सांगतो. वापर बघा."

म्हटलं, मी काटे तपासण्यात आयुष्य घालवलं आहे.

"मग घरातला काटा कुठे अडलाय ते तुम्हालाच कळायला हवं," त्या म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली. फटकळ बाई. पण उठता उठता एक कामाचं बोलल्या. माणूस पाठवायला महिना लागेल, तोवर मीटरखालचा तुमचा फ्यूज काढून बघा. तरीही मीटर धावत राहिलं तर मीटर खराब. थांबलं, तर वीज कुठेतरी मुरते आहे.

हे बरोबर आहे. स्वच्छ पद्धत आहे. मला सुचायला हवी होती.

१४ मार्च

घडलं त्या क्रमाने लिहितो.

ही शिंपीणबाईंकडे गेली. मी रेडिओ मोठ्या आवाजात लावला आणि दार उघडं ठेवलं, म्हणजे वीज गेल्याचं बाहेर उभं राहूनही कळेल. पायाखाली लाकडी स्टूल, हातात रबरी मोजे. वरची घरघर नेहमीसारखी चालू होती. माझ्या नावाच्या चिठ्ठीवरचा चिनी मातीचा फ्यूज धरला आणि ओढून काढला.

मीटरचा लाल दिवा थांबला. रेडिओ बोलत राहिला.

मला प्रथम वाटलं, रेडिओवर सेल आहेत. पण सेल मीच जानेवारीत काढून ठेवले होते. आत वाकून पाहिलं तर पंखाही फिरत होता. फ्यूज माझ्या हातात आणि माझं घर चालू. हे काय गौडबंगाल आहे, असा विचार करत उभा होतो, आणि मग लक्षात आलं की घरघर थांबली आहे. इतके दिवस डोक्यावर बसलेला आवाज एकदम गेला आणि त्या जागी वरून एक बारीक, सलग शिट्टी वाजायला लागली.

"अहो!"

हिचा आवाज. शिंपीणबाईंच्या घराकडून नव्हे, जिन्याच्या वरून.

"अहो, इकडे या. वरची लाइट गेली. त्यांना श्वास..."

फ्यूज हातातून सुटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले. जिना अंधारा होता. त्याला कठडा आहे हेही मी विसरलो होतो, भिंतीला हात लावत वर गेलो.

खोलीत रंगाचा डबा नव्हता, ब्रश नव्हता, काहीच नव्हतं. पलंगाला टेकून धाकटा बसला होता. नाकाला नळी, नळीचं दुसरं टोक त्या पांढऱ्या यंत्रात, आणि यंत्र मेलेलं. त्याचे खांदे वर-खाली होत होते आणि ओठांचा रंग मला आवडला नाही. भावजय औषधं आणायला बाहेर गेलेली. ही त्या उंच नळकांड्याशी झटत होती, चावी घामाने निसटत होती आणि ती उलटीकडे फिरवत होती.

चावी तिच्या हातातून घेतली. असल्या शेकडो झडपा मी गॅसवाल्यांकडे तपासल्या आहेत. चावी फिरली. हवा सुटली. हिने नळी बदलली, ते मात्र तिला सराईतासारखं जमलं. नळकांड्यावरच्या दाब दाखवणाऱ्या तबकडीचा काटा उभा राहिला, आणि हळूहळू धाकट्याचे खांदे खाली आले.

कोपऱ्यातल्या वायरवाल्याला हिने निरोप धाडला. तो येईपर्यंत मी पलंगाशेजारी स्टुलावर बसलो आणि काट्याकडे बघत राहिलो. काटा अगदी सावकाश उतरत होता. मला दुसरीकडे बघायचं नव्हतं. तो वाळला आहे. त्याच्या मनगटावर घड्याळ बांधलं तर कोपरापर्यंत जाईल.

बऱ्याच वेळाने तो नळीतून म्हणाला, "दादा, काटा बरोबर आहे का?"

म्हटलं, "बरोबर आहे. बोलू नकोस."

"इतकी वर्षं तेच केलं की."

मी उठून खिडकीशी गेलो. माझ्याने बसवलं नाही.

१५ मार्च

वायरवाल्याने नवा फ्यूज बसवला. घरघर परत सुरू झाली. रात्रभर मी ती ऐकत पडलो होतो. ऑक्सिजनच्या यंत्राला कॉम्प्रेसर म्हणत होतो मी.

हिने सगळं सांगितलं. फुप्फुसं डिसेंबरपासूनच थकली होती. खोकला ऐकून ती वर गेली, ती रोजच जायला लागली. शिवण नाही, मांजर नाही. बॅगवाला माणूस डॉक्टर. धाकट्याने तिला शपथ घातली होती, दादाला कळवलंत तर दार लावून घेईन, दया करायला वर आलेला मला चालणार नाही, यायचं तर आपणहून यावं. म्हणून तिने पैज लावली. माझ्या हातून बिल उतरणार नाही, हे तिला कसं ठाऊक, असं विचारलं.

"ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "पण उतरलं असतं तर मी रात्री गुपचूप गीझर लावून ठेवणार होते."

हसावं की रडावं कळेना. दोन्ही थोडं थोडं केलं.

मीटरचं गौडबंगाल आज सकाळी सुटलं. सोडवायला डोकं लागलं नाही, लाज तेवढी लागली. घर बांधलं तेव्हा वरचा मजला थोरल्याचा आणि खालचा धाकट्याचा असं ठरलं होतं. मीटर त्याप्रमाणे बसली, चिठ्ठ्या त्याप्रमाणे लागल्या. राहायला यायच्या आधी वडिलांचे गुडघे गेले. त्यांना जिना चढवेना आणि राहायचं तर माझ्याचकडे होतं. मग आम्ही एका संध्याकाळी चहा पिता पिता मजल्यांची अदलाबदल केली. पेट्या हलवल्या, पलंग हलवले, देणीघेणी वाटून घेतली. मीटर कुणाच्या डोक्यातच आलं नाही. व्यवहार इतका चोख झाला होता, की परत कुणी बघितलं नाही.

म्हणजे तेव्हापासून माझ्या नावावर त्याचं घर चालतंय आणि त्याच्या नावावर माझं. पहिली काही वर्षं दोघांचा वापर सारखाच, त्यामुळे कळायचं कारण नव्हतं. मी दोन महिने अंधारात काढले, ती सगळी बचत वरच्या बिलात जमा झाली. आणि माझं बिल वाढत होतं, कारण वर यंत्र चालू होतं.

जिन्याच्या दिव्याची वायर माझ्या घरातून गेली आहे. म्हणजे तो दिवाही इतकी वर्षं धाकट्याच्याच नावावर जळत होता. त्याच्याच दिव्याचे पैसे घेऊन मी त्याला पावती दिली होती.

१७ मार्च

वर गेलो. भावजयीने चहा पुढे केला. ती पूर्वी मला दादा म्हणायची. आज काहीच म्हणाली नाही, पण साखर किती ते न विचारता बरोबर घातली.

धाकट्याला मीटरचं सांगितलं. ऐकताना त्याचे डोळे बारीक होत गेले आणि मग तो हसायला लागला. हसताना धाप लागली, हिने नळी धरली, तरी हा हसतोच आहे.

"मला वाटलं," तो श्वास घेत घेत म्हणाला, "एवढं मशीन चालू असून बिल घटतंय, म्हणजे मरताना तरी सरकारला माझी दया आली."

"मरायचं बोलू नकोस."

"बरं. मग ती पावती परत लिहून दे. तुझ्या नावावर."

लिहून देतो म्हटलं. लिहून दिली. त्याने ती घडी करून उशीखाली ठेवली. या वेळी फाडली नाही.

डॉक्टरांना खाली गाठून सरळ विचारलं. ते म्हणाले, यंत्र चालू आहे तोवर चाललंय. किती दिवस, ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, साधारण. ते म्हणाले, काका, याला साधारण नसतं. आयुष्यभर नेमकं माप मागत आलो, आणि पहिल्यांदाच मला ते मिळालं नाही याचं बरं वाटलं.

२४ मार्च

वीज कार्यालयात परत गेलो. त्याच बाई. मीटर चांगलं आहे, नावं उलटी आहेत, असं सांगितलं. त्यांनी अर्ज काढून दिला. दोघांच्या सह्या लागतात, मग महिन्याभरात नावं सुलट होतील.

अर्ज घेऊन वर गेलो. धाकट्याने पेन मागितलं. "आण, सही करतो. तुझ्या पेन्शनवर माझा श्वास नको."

पेन माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, विसरलो.

"काट्या, खिशात दिसतंय ते काय आहे?"

बाजारातलं माझं पाठीमागचं नाव याला ठाऊक होतं तर. म्हटलं, त्यात शाई नाही.

त्याने मग भिंतीकडे तोंड केलं. तसाच म्हणाला, "तू खोटं माप चालवून घेणारा माणूस नाहीस, दादा."

नव्हतो. माप चुकीचं आहे हे माहीत असून शिक्का मारला, असं आयुष्यात पहिल्यांदाच केलं. घरी येऊन अर्ज फाडला. ही बघत होती. तिने तुकडे उचलून कचऱ्यात टाकले आणि फ्रिज चालू करू का विचारलं. म्हटलं, नको. आपण वाचवू ते त्याच्याच बिलात वाचतं. औषधांना होईल. ती बरं म्हणाली आणि बल्बच्या उजेडाबद्दल पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

संध्याकाळी कपाटातून जिन्याचा दिवा काढला. पुसून लावून पाहिला, लागला. भावजय औषधं घेऊन येते तेव्हा अंधार झालेला असतो, म्हणून तो चालूच ठेवणार आहे.

३१ मार्च

रोज सकाळी दूध घेऊन येताना माझ्या नावाच्या मीटरकडे बघतो. लाल दिवा लुकलुकत असतो. मग आत जातो.

आज लुकलुकणं बंद होतं. दूध तिथेच पायरीवर ठेवलं आणि वर धावलो. धाकटा खिडकीत खुर्चीवर बसला होता, नाकातली नळी नळकांड्याला जोडलेली. भावजय यंत्राची जाळी धूत होती. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा धुवायला सांगितली आहे.

"काय झालं?" धाकटा म्हणाला.

"काही नाही. दूध हवंय का विचारायला आलो."

"मग दूध कुठे आहे?"

खाली येऊन बघितलं तर दूध सांडलं होतं. या वेळी मांजर खरंच होतं.

७ एप्रिल

बिल आलं. आजवरचं सगळ्यात मोठं. पाकीट दारातच उघडलं आणि उभ्यानेच वाचलं.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "किती आलंय?"

"महिन्याभराचं आलंय," म्हटलं. "पूर्ण महिन्याचं. एक दिवस कमी नाही."

तिने गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत बाहेर आली. बिल तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, आणि परत माझ्या हातात दिलं. मी चपला घातल्या आणि भरायला गेलो.